शेंगदाणा तेलाने मालिश : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बाटलीचं झाकण उघडण्याआधी एक प्रश्न विचारून घ्या. ज्याच्या अंगाला तेल लागणार आहे त्याला, आणि जो लावणार आहे त्यालाही, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘नक्की माहीत नाही, पण लहानपणी शेंगदाणे खाऊन काहीतरी झालं होतं’ असं आलं, तर हे तेल बाजूला ठेवा आणि सूर्यफुलाचं घ्या. मालिशच्या तेलांची काही वानवा नाही.

ज्यांना ही अडचण नाही त्यांच्यासाठी शेंगदाणा तेल खरंच कामाचं आहे. ते हाताखाली बराच वेळ सरकत राहतं, लगेच जिरून कोरडं पडत नाही, आणि शुद्ध केलेल्या तेलाला जवळपास वासच नसतो. औषधं बनवणाऱ्यांनाही ते जुनं ओळखीचं आहे. आर्सेनिक किंवा पाऱ्याची विषबाधा झाल्यावर देतात ते डायमरकॅप्रॉलचं इंजेक्शन शेंगदाणा तेलात तयार केलेलं असतं. टाळूच्या सोरायसिसवरचं फ्लुओसिनोलोन हे स्टिरॉइडही एका औषधात याच तेलात मिसळून मिळतं. अर्थात या औषधांत गुण देणारा पदार्थ वेगळा असतो, तेल त्याला फक्त वाहून नेतं. मालिशमध्येही साधारण हाच हिशोब आहे.

तेलात असतं काय

तेल मुख्यतः स्निग्ध आम्लांचं बनलेलं असतं. भुईमुगाच्या जातीनुसार त्यांचं प्रमाण बदलतं, पण ढोबळमानाने ओलेइक आम्ल ३५ ते ७० टक्के, लिनोलेइक आम्ल १५ ते ४० टक्के आणि पामिटिक आम्ल १० टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या भागात अरॅकिडिक, बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही लांब साखळीची आम्लं थोडीथोडी असतात. थंडीत हे तेल गढूळ होतं, तळाशी पांढरट साका दिसतो, तो मुख्यतः यांच्यामुळे. तेल बिघडलंय असं समजून ओतून देऊ नका. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते पुन्हा पारदर्शक होतं.

ओलेइक आणि लिनोलेइक या दोघांचं त्वचेशी वागणं वेगळं आहे, आणि नवख्याने समजून घ्यायची रसायनशास्त्रातली एवढी एकच गोष्ट आहे. लिनोलेइक आम्ल त्वचेला तिचा बाहेरचा थर बांधायला लागतं. ओलेइक आम्ल छान सरकतं, मऊपणा देतं, पण जास्त प्रमाणात आणि रोज लावलं तर तोच थर सैल करतं. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक भरपूर असतं, साध्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक. मोठ्या माणसांच्या त्वचेवर दोन्ही लावून पाहिलं तेव्हा ऑलिव्ह तेलाने थर कमकुवत केला, सूर्यफुलाच्या तेलाने तसा केला नाही. शेंगदाणा तेल या दोघांच्या मधलं. लेबलवर ‘हाय ओलेइक’ लिहिलं असेल तर ते ऑलिव्हच्या बाजूला झुकलेलं. असं तेल लवकर खवट होत नाही हा त्याचा फायदा. मालिशला ते उत्तम, पण मुळातच कोरड्या आणि नाजूक त्वचेवर रोज चोपडायला मी ते सुचवणार नाही.

‘व्हिटॅमिन ई-ने समृद्ध’ ही ओळ जाहिरातीत हमखास सापडते. १०० ग्रॅम तेलात हे व्हिटॅमिन १५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे चहाच्या चमचाभर तेलात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्याचा उपयोग होतो तो तेलालाच. ते जरा उशिरा खवट होतं.

मग तेल करतं काय? तेलात पाणी नसतं, त्यामुळे ते त्वचेला ओलावा देत नाही. असलेला ओलावा उडू देत नाही आणि मृत पेशींच्या मधल्या फटी भरून खरखरीतपणा कमी करतं. म्हणून ते आंघोळीनंतर, अंग टिपून झाल्यावर, त्वचा किंचित दमट असतानाच लावायचं. कोरड्या ठणठणीत टाचेवर तेल घासून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांची चूक इथेच होते. रंग उजळणं, सुरकुत्या जाणं, ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडणं’ यांतलं काहीही या तेलाने होत नाही. उन्हापासून संरक्षण तर मुळीच नाही. तेल लावून उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीन वेगळं लावावंच लागेल.

या तेलाच्या कीर्तीमागे एक जुना किस्सा आहे. अमेरिकेतल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमधले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १९३० च्या दशकात पोलिओने अधू झालेल्यांच्या हातापायांना शेंगदाणा तेलाने मालिश करत. वर्तमानपत्रात बातमी आली आणि त्यांच्याकडे रुग्णांची रीघ लागली. काहींना बरंही वाटलं. पण शेवटी श्रेय मालिशच्या वाट्याला आलं, तेलात पोलिओवरचा कुठलाही गुण सापडला नाही. आजही सांधेदुखीवर ‘शेंगदाणा तेलच लावा’ असा सल्ला कोणी दिला तर हे लक्षात असू द्या. चोळल्याने स्नायू सैल होतात, ऊब येते, दुखणं थोडा वेळ हलकं वाटतं. तेल बदललं तरी हेच होईल.

कोणतं तेल आणायचं

इथे माझं मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. खाण्यासाठी घाण्याचं, कच्चं, कमीत कमी प्रक्रिया केलेलं तेल लोक पसंत करतात आणि तोच नियम त्वचेलाही लावतात. शेंगदाणा तेलाच्या बाबतीत मात्र त्वचेसाठी शुद्ध केलेलं, म्हणजे रिफाइंड तेलच घ्यावं.

कारण ॲलर्जीचं मूळ तेलात नसून शेंगदाण्यातल्या प्रथिनांत असतं. घाण्याच्या तेलात या प्रथिनांचा अंश उतरतो. रिफायनरीत चिकट द्रव्यं काढणं, आम्लं निष्प्रभ करणं, रंग काढणं आणि शेवटी खूप उष्णतेवर वाफेने वास काढणं, एवढं सगळं झाल्यावर प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही प्रकारची तेलं पोटात देऊन पाहिली. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना झाला. हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला होता, तेव्हा ॲलर्जी असलेल्याने यावरून ‘रिफाइंड चालेल’ असा अर्थ काढू नये. पण कोणत्या तेलात प्रथिनं जास्त उरतात याचं उत्तर त्यात आहे. युरोपीय संघाने २०१७ साली सौंदर्यप्रसाधनांमधल्या शेंगदाणा तेलासाठी प्रथिनांची कमाल मर्यादा ०.५ पीपीएम ठरवली, म्हणजे दहा लाख भागांत अर्धा भाग.

खरेदी करताना एवढं पाहा : रिफाइंड लिहिलेलं असावं. ‘मिश्र तेल’ नसावं. भाजल्याचा खमंग वास येणारं तेल नको, तो वास अंगावरून दिवसभर जात नाही. तळणीचं उरलेलं तेल तर कधीच नको. लोशन किंवा क्रीम घेत असाल तर घटकांच्या यादीत हे तेल ‘अरॅकिस हायपोजिया’, ‘अरॅकिस ऑइल’, ‘पीनट ऑइल’ किंवा ‘ग्राउंडनट ऑइल’ अशा नावांनी येतं. ॲलर्जी असलेल्यांनी ही चारही नावं ओळखीची करून ठेवावीत.

आधी हातावर लावून पाहा

कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा, रुपयाएवढ्या जागेत पसरवा आणि २४ तास ती जागा धुऊ नका. काही झालं नाही तर त्याच जागी पुढचे तीन-चार दिवस पुन्हा लावत राहा, कारण काहींची त्वचा पहिल्या दिवशी गप्प बसते आणि तिसऱ्या दिवशी कुरकुरते. लाली, खाज किंवा बारीक पुरळ आलं तर साबणाने धुवा आणि तेल सोडून द्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज आली, घसा आवळल्यासारखा झाला, धाप लागली तर धुण्यात वेळ न घालवता तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

ॲलर्जी माहीत असलेल्याने ही चाचणी घरी करायची नाही. ती ॲलर्जी शोधण्यासाठी नाहीच.

मालिश : क्रमाने

सुरुवात पाठीपासून करा. पाठीचे स्नायू मोठे असतात, चुका पोटात घालतात, आणि ज्याला मालिश होतंय त्याला आपण काय करतोय ते दिसत नाही, त्यामुळे नवख्याच्या हातावर दडपण येत नाही.

१. खोली उबदार ठेवा. खाली जुनी चादर, तिच्यावर जाड टॉवेल. पोटावर झोपवा, घोट्यांखाली एक गुंडाळलेला टॉवेल द्या म्हणजे कंबरेवर ताण येत नाही. नखं कापलेली हवीत, अंगठ्या आणि घड्याळ काढलेलं.

२. वाटीत तीस मिलिलिटर तेल घ्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. सरळ गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. तेल मधेच खूप तापतं आणि वरून कळत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, गरम असं न जाणवता सुखद वाटलं पाहिजे. तीस मिलिलिटर साधारण पूर्ण अंगाला पुरतं. केसाळ किंवा फार कोरड्या अंगाला थोडं जास्त लागेल.

३. पाठीसाठी दीड चमचा तेल तळहातावर घ्या, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा आणि मग पाठीला लावा. पाठीवर थेट धार सोडू नका. ज्याच्यावर पडते तो दचकतो आणि सैल होत आलेले स्नायू पुन्हा आखडतात.

४. पहिली दोन-तीन मिनिटं फक्त पसरवा. दोन्ही तळवे कंबरेपासून मणक्याच्या दोन बाजूंनी वर खांद्यापर्यंत न्या, बाहेर वळवा आणि बरगड्यांच्या कडेने हलक्या हाताने खाली आणा. दाब वर जाताना, परतीच्या वाटेवर नुसता स्पर्श. जोर मनगटातून लावू नका. एक पाय पुढे घेऊन अंगाचा भार हातावर येऊ द्या, नाहीतर पाठ संपायच्या आत तुमचंच मनगट भरून येईल.

५. आता रगडा. खांद्याचा मांसल भाग बोटं आणि अंगठ्याच्या मध्ये पकडून कणीक मळावी तसा उचला आणि सोडा. मग अंगठ्यांनी मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर लहान गोल फिरवत कंबरेपासून मानेकडे जा. मणक्याच्या हाडावर दाब कधीही द्यायचा नाही. कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांच्या खाली मूत्रपिंडांची जागा असते, तिथे हात हलका.

६. तेलाकडे लक्ष ठेवा, नवख्याचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. तेल जास्त झालं की रगडताना स्नायू पकडीत येत नाही, बोटं सुळकन निसटतात. तेव्हा टॉवेलच्या टोकाने थोडं टिपून घ्या. कमी झालं की तळव्याला कातडीची ओढ जाणवू लागते, बारीक केस ओढले जातात, आणि समोरचा माणूस काही न बोलता अंग चोरतो. शेंगदाणा तेलात ही ओढ यायला बराच वेळ लागतो, म्हणूनच ते शिकणाऱ्यासाठी बरं. ओढ जाणवली की अर्धा चमचा पुरे, आणि तेल घेताना दुसरा हात अंगावरच राहू द्या.

७. हातापायांना मालिश करताना लांब दाब नेहमी टोकाकडून हृदयाकडे. पोटरीला आधी हलक्या हाताने, कारण ती बहुतेकांची हुळहुळी असते. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाब नाही. तळपायाला अगदी थोडं तेल आणि भरपूर अंगठा.

८. शेवट सुरुवातीसारखाच, लांब आणि मंद हातांनी. मग दहा-पंधरा मिनिटं पांघरूण घालून पडू द्या. उठवताना आधी तळपाय पुसा. तेलकट पायांनी फरशीवर किंवा न्हाणीघरात जाणं हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात मोठा धोका आहे.

पहिल्या खेपेला पाठ आणि खांदे एवढंच केलं तरी अर्धा तास सहज जातो. पूर्ण अंगाची घाई नको.

मालिश कधी करू नये

ताप असताना, त्वचेवर जखम, भाजलेलं, गळू किंवा संसर्ग असताना, नुकती शस्त्रक्रिया झाली असताना नाही. एकाच पायाची पोटरी सुजलेली, दुखरी, गरम आणि लालसर असेल तर तिला हातसुद्धा लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. अशा वेळी डॉक्टरच. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारून घ्या.

त्वचेसाठी इतर उपयोग

टाचा, कोपर आणि गुडघे ही या तेलाची हक्काची जागा. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपा, दमट टाचेला पाव चमचा तेल चोळा आणि सुती मोजे घालून झोपा. आठवडाभरात खरखर कमी झालेली कळते. भेगा खोल असतील, रक्त येत असेल, तर आधी त्यांचा इलाज.

मेकअप काढायलाही ते चालतं, विशेषतः पाण्याने न जाणारा. कोरड्या चेहऱ्यावर थोडं तेल फिरवा, ओल्या कोमट कापडाने पुसा आणि मग फेसवॉशने धुवा. चेहऱ्यावर ते रात्रभर ठेवू नका. मुरुमांचा त्रास असेल तर चेहऱ्यापासून दूरच ठेवा. ‘छिद्रं बुजवण्याचं मानांकन’ म्हणून जे आकडे फिरतात, त्यांचं मूळ सशांच्या कानावर केलेल्या चाचण्यांत आहे. त्यावर फार विसंबू नका, तुमची त्वचा काय सांगते ते बघा.

कोंडा झालेल्या डोक्याला तेल लावायची सवय मोडायला जड जाते. पण कोंड्यामागे ज्या मॅलासेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो, तिला वाढायला स्निग्ध आम्लंच लागतात. तेल लावल्यावर पापुद्रे मऊ होऊन दिसेनासे होतात आणि नंतर खाज वाढू शकते. तेव्हा कोंडा असेपर्यंत हे तेल नको. निरोगी केसांच्या कोरड्या टोकांना धुण्याआधी लावायला हरकत नाही.

घट्ट मलम हवं असेल तर एक भाग मधमाश्यांचं मेण आणि चार भाग तेल, वजनाने. मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, तेल घालून ढवळायचं, स्वच्छ कोरड्या डबीत ओतायचं. पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. सुगंधासाठी लॅव्हेंडरसारखं सुगंधी तेल घालायचं तर तीस मिलिलिटरला पाच-सहा थेंब, त्याहून जास्त नाही. सुगंधी तेल नुसतं, न मिसळता त्वचेला लावू नका.

बाळांच्या बाबतीत

बाळाला हे तेल लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि इसब असलेल्या किंवा कातडी फुटलेल्या बाळाला तर नाहीच. ब्रिटनमधल्या हजारो मुलांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी पुरळ आलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावली गेलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. हा अभ्यास करणारे ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडलेला विचार असा की अन्नातली प्रथिनं तोंडावाटे आधी गेली तर शरीर त्यांना आपलं मानतं, फुटलेल्या त्वचेतून आधी शिरली तर शत्रू समजतं. रिफाइंड तेलात प्रथिनं नगण्य असतात हे खरं, पण बाटलीत नेमकं किती हे घरी मोजता येत नाही, आणि बाळासाठी दुसरे पर्याय असताना ही जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

ठेवणं आणि आवरणं

मोठ्या डब्यातून महिनाभराचं तेल गडद रंगाच्या छोट्या बाटलीत काढून घ्या. बाकीचं अंधारात, थंड जागी. उघडल्यावर सहा महिन्यांत संपवा. खवट तेलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा शिळ्या दाण्यांसारखा वास येतो. असं तेल त्वचेला टोचतं, ते टाकून द्या, पण मोरीत ओतू नका.

लेटेक्सशी या तेलाचं जमत नाही. लेटेक्सचे हातमोजे आणि कंडोम तेलाने काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटतात. तेल लागलेल्या हातांनी त्यांना शिवू नका.

आणि टॉवेल. वनस्पती तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतं. तेलकट टॉवेल नीट न धुता ड्रायरमध्ये तापवले आणि गरम असतानाच घड्या घालून थप्पी लावली, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि कपडे आपोआप पेट घेऊ शकतात. मालिशच्या व्यवसायात अशा आगी लागलेल्या आहेत. टॉवेल त्याच दिवशी गरम पाण्यात, नेहमीपेक्षा जास्त डिटर्जंट घालून धुवा. धुतल्यावरही तेलाचा वास येत असेल तर पुन्हा धुवा. ड्रायरऐवजी दोरीवर मोकळे वाळत घाला, आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी करा.